हॉटेल मार्केटिंगमध्ये पहिली नोकरी कोणती घ्यावी?

उदगीरच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तिने छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयातून हॉस्पिटॅलिटीची तीन वर्षांची पदवी यंदा पूर्ण केली आहे. औद्योगिक प्रशिक्षणाच्या काळात किचन आणि सर्व्हिस ही दोन्ही कामे आपली नव्हेत हे तिच्या लक्षात आले असून तिला मार्केटिंगमध्ये जायचे आहे. तिच्यासमोर दोन नोकऱ्या आहेत. पहिली पुण्यातील एका जाहिरात एजन्सीत, रेस्टॉरंटांची सोशल मीडिया खाती सांभाळण्याची, पगार २२ हजार रुपये. दुसरी संभाजीनगरातच, ६४ खोल्यांच्या एका हॉटेलात रिझर्वेशन आणि सेल्स को-ऑर्डिनेटरची, पगार १७ हजार रुपये आणि ड्यूटीवरचे जेवण. घरच्यांना दोन्ही नोकऱ्या पसंत नाहीत, तो भाग निराळा. तिचे म्हणणे असे की मार्केटिंगचे खरे काम पुण्याच्या नोकरीत आहे. मग ते सोडून हॉटेलच्या टेबलावर फोन उचलत बसणे म्हणजे उमेदीची दोन वर्षे वाया घालवणे नाही का?

माझ्या मते नाही. उलट ही दोन वर्षे टेबलावर घालवली नाहीत तर पुढची दहा वर्षे तुम्ही दुसऱ्याने सांगितलेली पोस्टर करत राहाल, असा धोका मला अधिक वाटतो. मी स्वतः २००३ साली रिझर्वेशन असिस्टंट म्हणून या क्षेत्रात आले, त्यानंतर सेल्स, मग मार्केटिंग, आणि आता चार हॉटेलांचे दोन्ही विभाग सांभाळते. त्यामुळे माझे उत्तर एका बाजूला झुकलेले आहे, हे आधीच मान्य करून पुढे जाते.

हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला तर ज्याला परवडते तो शेतकरी माल घरी ठेवतो आणि दोन महिने वाट पाहतो. खोलीचे तसे नाही. आजच्या रात्रीची खोली आज विकली गेली नाही तर ती उद्या विकता येत नाही. उद्याची खोली हा उद्याचा माल असतो. त्या दृष्टीने आपला धंदा सोयाबीनपेक्षा मेथीच्या जुडीच्या जवळचा आहे, आणि मेथी विकणाऱ्या बाईला संध्याकाळी सात वाजता जे कळते ते हॉटेल मार्केटिंग करणाऱ्याला कळले पाहिजे: कोणत्या घटकेला भाव धरून ठेवायचा आणि कोणत्या घटकेला सोडायचा. हे कळण्याची जागा म्हणजे रिझर्वेशनचे टेबल. छायाचित्रे, रील, जाहिरातीचा मजकूर हे सगळे त्यानंतर येते, कारण कोणती तारीख रिकामी आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाने केलेली जाहिरात बहुधा भरलेल्या तारखेचीच होते.

थोडा हिशेब करून दाखवते, कारण मुलाखतीत तो विचारला जातो आणि पदवीधरांची निम्मी फजिती इथेच होते. तुमच्या ६४ खोल्यांच्या हॉटेलात एका रात्री ४० खोल्या गेल्या आणि सरासरी दर ३,००० रुपये पडला, असे समजा. ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचे प्रमाण, झाली ६२.५ टक्के, उत्पन्न १ लाख २० हजार, आणि ते सर्व ६४ खोल्यांत वाटले तर दर खोलीमागे १,८७५ रुपये. या शेवटच्या आकड्याला आमच्यात रेव्हपार म्हणतात, आणि सरासरी दराला एआरआर. आता नव्या उत्साही मार्केटिंग एक्झिक्युटिव्हने सरसकट २० टक्के सूट जाहीर केली, दर २,४०० झाला आणि खोल्या गेल्या ४६. लॉबी गजबजलेली दिसते, मालक खूश होतात, समाजमाध्यमांवर ‘हाउसफुल’चा फोटो जातो. उत्पन्न मात्र १ लाख १० हजार ४०० आणि रेव्हपार १,७२५. सहा खोल्यांच्या चादरी जास्त धुतल्या, सहा खोल्यांचे नाश्ते जास्त गेले, आणि हातात आले जवळपास दहा हजार कमी. ही चूक मी एकदा नव्हे, तीन-चार वेळा होताना पाहिली आहे, आणि ती करणारी मुले हुशारच होती. त्यांना रात्रीचा अहवाल, म्हणजे त्या दिवशीच्या विक्रीचा आणि उत्पन्नाचा हिशेब, कोणी दाखवला नव्हता एवढेच.

याला जोडूनच ऑनलाइन ट्रॅव्हल कंपन्यांचा हिशेब येतो. मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, अगोडा यांच्यावरून आलेल्या बुकिंगवर हॉटेल कमिशन देते. करारानुसार ते कमी-जास्त असते, पण २० टक्के धरून चाला. ३,००० रुपयांच्या खोलीवर ६०० रुपये कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १०८ रुपये. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्या दरात हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणजे ते १०८ रुपयेही खर्चातच गेले. हाती राहिले २,२९२. तोच पाहुणा थेट फोन करून २,७०० रुपयांत आला असता तर त्याचेही ३०० रुपये वाचले असते आणि हॉटेलचे ४०८. मग या कंपन्या वाईट का? मुळीच नाही. कोइमतूरच्या किंवा क्वालालंपूरच्या माणसाला तुमच्या हॉटेलचे नाव त्यांच्यामुळेच कळते. पहिल्यांदा त्यांच्यामार्फत आलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट यावा, यासाठी चेक-आउटच्या वेळी काय बोलायचे, कोणता क्रमांक द्यायचा, पुढच्या वेळी त्याच्यासाठी काय वेगळे करता येईल, हे ठरवणे म्हणजे मार्केटिंग. हॉटेलने आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर या कंपन्यांपेक्षा कमी दर ठेवू नये, अशा अटी करारात असत, आणि त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. असा करार तुमच्या हातात पडेल तेव्हा तो शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय लावून घ्या. पुण्याच्या एजन्सीत तो तुम्हाला कोणी दाखवणार नाही.

आता कॅलेंडर. पुस्तकात ‘सीझन’ आणि ‘ऑफ सीझन’ असे दोनच शब्द असतात. मराठवाड्यात काम करणाऱ्याला मात्र भिंतीवर तीन कॅलेंडरे लावावी लागतात: पर्यटकांचे, कारखान्यांचे आणि पंचांगाचे. पर्यटक साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात येतो. कारखान्यांचा माणूस सोमवारी येतो आणि शुक्रवारी जातो, आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस लेखापरीक्षकांच्या रूपाने वाढतो. पंचांगाचा माणूस लग्नाच्या तिथीला येतो, श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला येतो, नवरात्रात तुळजापूरकडे जाताना थांबतो, नाथषष्ठीला पैठणला येतो. या तिघांच्या तारखा कुठे एकमेकींवर चढतात आणि कुठे तिन्ही कोरड्या राहतात, हे ज्याने स्वतःच्या हाताने बारा महिन्यांच्या कागदावर रंगवले आहे त्याला जाहिरात केव्हा करावी हे विचारावे लागत नाही.

२०२६ चेच उदाहरण घ्या. त्या वर्षी १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ महिना येतो, आणि अधिकात लग्ने लागत नाहीत. एरवी मे महिन्याचा उत्तरार्ध म्हणजे बॅन्क्वेट हॉलचा भर हंगाम; तो अशा वर्षी मोकळा पडतो, आणि ज्या हॉटेलाने मागच्या वर्षीच्या मेचे आकडे उचलून यंदाचे लक्ष्य ठरवले त्याच्या सेल्स विभागाला महिनाभर बोलणी खावी लागतात. पण अधिक महिना म्हणजेच धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलावून जेवू घालायचे, अनारशांचे वाण द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे घराघरात आहे, आणि शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात दहा-बारा माणसांचा स्वयंपाक करणे आता सोपे राहिलेले नाही. हॉटेलने पुरणाच्या धोंड्यांसह दुपारची थाळी, वाणाचे ताट ठेवायला कोपऱ्यात एक चौरंग आणि जावयाच्या कुटुंबासाठी एक रात्र सवलतीत खोली, असे काही मांडले तर रिकाम्या हॉलचा निदान काही भाग भरतो. २०२३ च्या अधिक श्रावणात आम्ही ते एका हॉटेलात केले. खर्च फक्त चौरंगाचा आणि छापील कार्डांचा होता; दुसऱ्या रविवारी खुर्च्या वाढवाव्या लागल्या. ही कल्पना एखाद्या एजन्सीच्या सादरीकरणातून आलेली नव्हती; ती आमच्या हाउसकीपिंगमधल्या एका मावशींनी सुचवली होती.

कॅलेंडर न पाहिल्यामुळे झालेली माझी स्वतःची फजिती सांगते. सेल्समध्ये येऊन मला सहा-सात महिने झाले होते. रविवारची रात्र आमच्याकडे रिकामी जायची, म्हणून मी ‘अजिंठा विशेष’ नावाचे पॅकेज तयार केले: रविवारी दुपारी आगमन, संध्याकाळी बीबी का मकबरा आणि पाणचक्की, सोमवारी सकाळी न्याहारी करून अजिंठा, रात्री परत. पत्रक सुंदर झाले होते. चौदा निवृत्त मंडळींचा एक गट सात खोल्या घेऊन आला. रविवारी रात्री गाडीचे चालक काका लॉबीत चहा घेत होते, उद्या किती वाजता निघायचे असे मी विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ताई, सोमवारी तिथं कुलूप असतंय.” अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, हे शहरातल्या प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक होते, मला, पत्रक लिहिणारीला, नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना वेरूळ आणि देवगिरी किल्ला दाखवला, आणखी एका रात्रीच्या सातही खोल्या अर्ध्या दरात दिल्या, आणि मंगळवारी शंभर किलोमीटर अजिंठ्याला त्यांच्याबरोबर मला जावे लागले. ती जनरल मॅनेजरांनी दिलेली शिक्षा होती. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते, त्या बसच्या रांगेत वयस्कर माणसाला किती वेळ उभे राहावे लागते, पहिल्या चढापर्यंत डोली कुठे मिळते, हे सगळे मला त्या दिवशी कळले, आणि पुढच्या पत्रकात ते आले. १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या दोन लेण्या ज्याच्या दारात आहेत, त्याने त्या प्रत्यक्ष चार-पाच वेळा पायी फिरल्याशिवाय त्यांच्यावर एक ओळही लिहू नये, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या महिन्यात चालक काकांबरोबर एकदा पाठवते.

लग्नाच्या तारखांबद्दल एकच गोष्ट. मोठ्या तिथीच्या आदल्या रात्रीच्या खोल्या सूट देऊन आधीच विकून टाकू नका. हॉल ज्या यजमानांनी घेतला आहे त्यांना वऱ्हाडासाठी वीस खोल्या लागणारच असतात, फक्त ते तुम्हाला पंधरा दिवस आधी सांगतात. त्यांना खोली मिळाली नाही तर ते पुढच्या वेळी हॉलसुद्धा दुसरीकडे बघतात, आणि हॉलच्या सहाशे ताटांपुढे त्या वीस खोल्यांची आगाऊ विक्री काहीच नसते. म्हणून फंक्शन प्रॉस्पेक्टस हा कागद, म्हणजे समारंभाची वेळ, गॅरंटी प्लेट (किमान किती ताटांचे पैसे नक्की), मेनू, मांडणी आणि कोणते काम कोणाकडे हे सगळे ज्यावर लिहिलेले असते तो, रोज सकाळी वाचत जा, तुमच्या विभागाचा नसला तरी.

सेल्स कॉलविषयी, म्हणजे कंपन्यांत प्रत्यक्ष जाऊन भेटण्याविषयी, महाविद्यालयात फारसे सांगत नाहीत, आणि मार्केटिंगला जायचे असल्यामुळे तुम्हालाही ते दुय्यम वाटत असेल. आठवड्यातून एक दिवस सेल्स मॅनेजरबरोबर वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जाण्याची परवानगी मागून घ्या. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, वीस मिनिटे बसवतात, मग अॅडमिन विभागातले कोणी दहा मिनिटे देतात. पहिल्या वेळी मी त्या दहा मिनिटांत स्विमिंग पूल आणि रूफटॉप रेस्टॉरंटचे फोटो दाखवले. समोरच्या बाईंनी ते संपेपर्यंत ऐकले आणि विचारले, सकाळी साडेसहाला नाश्ता मिळेल का, कारण आमच्या परदेशी इंजिनिअरला सातच्या शिफ्टला पोचायचे असते. बिलावर कंपनीचे नाव आणि पत्ता पहिल्याच वेळी बरोबर येईल का. आणि रात्रीच्या विमानाने उतरणाऱ्या माणसाला अकरा वाजता निदान खिचडी तरी मिळेल का. या तीन प्रश्नांवर मी परत येऊन शेफ, अकाउंट्स आणि फ्रंट ऑफिस यांच्याकडून होकार मिळवला, एका पानाचे पत्र लिहिले, आणि ते खाते पुढे सहा वर्षे आमच्याकडे राहिले. त्यानंतर कॉर्पोरेट पाहुण्यांसाठीच्या आमच्या पत्रकावर पूलचा फोटो आला नाही. घड्याळात साडेसहा आणि वाफाळणारी इडली आली. जाहिरातीचा मजकूर कुठून येतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्याकडे नाही. ऑरिकमध्ये, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक शहरात, येणारे नवे कारखाने, तिथे उभारणीच्या काळात महिना-महिना राहणारे तंत्रज्ञ, त्यांचे कपडे धुण्याचे प्रश्न आणि जेवणाच्या सवयी, हे पुढच्या काही वर्षांतले आपल्या भागातले मोठे काम आहे, आणि ते पुण्यात बसून दिसत नाही. (दिलेल्या उधारीची वसुलीही बहुतेक ठिकाणी सेल्सकडेच येते. ती करताना जे बोलणे शिकता येते ते कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही, पण तो विषय वाढवत नाही.)

ऑनलाइन कामाचे म्हणाल तर ते हॉटेलातही भरपूर आहे, आणि लहान हॉटेलात ते करायला बहुधा कोणीच नसते. गुगलवरील हॉटेलची नोंद उघडून पाहा: फोन क्रमांक जुना, फोटोंत तोडून टाकलेले रिसेप्शन, आणि शहराच्या नावाचा घोळ. पत्त्यात छत्रपती संभाजीनगर हे अधिकृत नाव हवेच. पण परदेशी पाहुणा आणि जुने प्रवास-मार्गदर्शक हाताशी घेऊन येणारा माणूस अजूनही औरंगाबाद असेच शोधतो, म्हणून वर्णनाच्या मजकुरात दोन्ही नावे आली पाहिजेत. समृद्धी महामार्गावरून कोणत्या इंटरचेंजला उतरायचे आणि तिथून हॉटेल किती मिनिटांवर आहे, ही एक ओळ घातली तर नागपूर-मुंबई प्रवासात रात्रीपुरता थांबा शोधणारे कुटुंब तुम्हाला सापडते. नांदेड-मुंबई वंदे भारतची वेळ घातली तर आणखी काही. अशी नोंद सुधारायला एक दुपार लागते, पैसा लागत नाही.

पाहुण्यांच्या अभिप्रायांना उत्तरे लिहिणे हे मात्र खऱ्या कसोटीचे काम आहे. समजा एकाने लिहिले आहे की तिसऱ्या मजल्यावर सकाळी गरम पाणी आलेच नाही, अंघोळीशिवाय मीटिंगला जावे लागले. बहुतेक ठिकाणी खाली चिकटवलेले उत्तर असते: आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आम्ही सदैव आपल्या सेवेत. ते वाचून पाहुणा तर चिडतोच, पुढे वाचणारे शंभर जणही सावध होतात. आता आधी इंजिनिअरिंग विभागात जाऊन विचारा. कळते ते असे की पाणी येते, पण त्या मजल्यावर नळ पाच-सहा मिनिटे सोडावा लागतो, आणि ही गोष्ट पाहुण्याला कोणी सांगत नाही. मग उत्तर लिहा: “त्या सकाळी आपली गैरसोय झाली याबद्दल मनापासून क्षमस्व. तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी पोचायला पाच-सहा मिनिटे लागतात आणि चेक-इनच्या वेळी आम्ही ते आपल्याला सांगायला हवे होते. आता पहाटे साडेपाचला त्या मजल्याची लाइन आधी चालवून ठेवतो. पुढच्या वेळी आलात तर आधी मला कळवा.” खाली नाव आणि हुद्दा. असे उत्तर लिहिता येण्यासाठी इमारतीतून चालत जाऊन कोणालातरी विचारावे लागते, आणि इमारत पुण्याहून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असली की ते होत नाही. एजन्सीतल्या मुलांची यात चूक नसते. त्यांच्याकडे एकेका व्यक्तीमागे आठ-दहा खाती असतात.

तुम्ही आपल्या इंग्रजीविषयी दोन ठिकाणी लाजल्यासारखे लिहिले आहे. हॉटेलच्या कार्यालयात लागणारे इंग्रजी मर्यादित असते: चौकशीला उत्तर, दरपत्रक, आरक्षणाची खात्री, आगाऊ रकमेची आठवण, तक्रारीला उत्तर, आभार. या सहा प्रकारच्या पत्रांचे दहा-दहा नमुने स्वतः लिहून काढलेत तर सहा महिन्यांत ती भीती जाते. उलट तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत तुम्हाला अजून कळलेली नाही. उदगीर, देगलूर पट्ट्यातल्या सोयरिकी बिदर, हैदराबादपर्यंत जातात. त्या घरांतल्या बोलण्यातले मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू तुमच्या कानावरून गेलेले आहे. आठशे ताटांचे लग्न ठरवायला येणारे यजमान कॉफी शॉपच्या खुर्चीत अवघडून बसतात. वरपक्षाला पहाटे पाचला खोली उघडून हवी, चहा आधी व्याह्यांकडे गेला पाहिजे, मानाच्या मामांची खोली जिन्याजवळ नको, हे त्यांनी सांगण्याआधी त्यांना विचारणारी मुलगी समोर असली की ते दराची घासाघीस अर्ध्यावर सोडतात. मी हे मोठ्या शहरांतून आलेल्या, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शिकवण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांना ते येते, पण वेळ लागतो.

शिक्षणावर आता लगेच आणखी पैसे घालू नका. साठ-सत्तर हजारांचे डिजिटल मार्केटिंगचे डिप्लोमे विकणारे फोन तुम्हाला येतच असतील. गुगलच्या स्किलशॉपवर जाहिराती आणि अॅनालिटिक्सचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, म्हणजे लांबलचक यादीचा गोषवारा देणारे कोष्टक, करता येणे त्याहून निकडीचे आहे. एमबीए करायचेच असेल तर दोन वर्षांच्या अनुभवानंतर करा, तेव्हा वर्गातले बोलणे कशाशी जोडायचे हे तुम्हाला ठाऊक असेल.

पगारातला पाच हजारांचा फरक खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. पण पुण्यातले भाडे, डबा आणि प्रवास वजा करून दोन्ही आकडे शेजारी मांडा. हॉटेलातली नोकरी स्वीकारण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी बोलून घ्या, आणि जमल्यास नियुक्तीपत्राच्या ई-मेलमध्ये लिहून घ्या. सकाळच्या विभागप्रमुखांच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर का होईना बसू द्यावे. रात्रीच्या ऑडिटचा दैनंदिन अहवाल तुम्हाला रोज मिळावा. आणि आठवड्यातला एक दिवस बाहेर सेल्स कॉलसाठी असावा. या तिन्हींना नकार मिळाला तर ती नोकरी फक्त फोन उचलण्याचीच आहे असे समजा, आणि मग माझा सल्ला बदलतो: पुण्याला जा. उशिराच्या शिफ्टनंतर घरापर्यंत सोडण्याची गाडी आहे का, हेही निःसंकोच विचारा. चांगल्या हॉटेलात ती असते, आणि या प्रश्नाने कोणी नाराज होत असेल तर तेही वेळेवर कळलेले बरे. घरच्यांना समजावण्यासाठी मी जे केले ते सुचवते: रुजू झाल्यावर पंधरा दिवसांनी वडिलांना दुपारी कार्यालयात बोलावून घ्या आणि तुमचे टेबल दाखवा. माझ्या वडिलांच्या मनात हॉटेल म्हणजे अंबाजोगाईच्या स्टँडसमोरचे चहाचे दुकान होते. तासभर बसून ते परत गेले, काही बोलले नाहीत, पण गावात विचारणाऱ्यांना ‘मुलगी कंपनीच्या ऑफिसात आहे’ असे सांगू लागले.

दीड-दोन वर्षांनी निघायची तयारी ठेवा. त्या वेळी तुमच्यासमोर तीन वाटा असतील: मोठ्या साखळीच्या हॉटेलात सेल्स किंवा (खोल्यांचे दर ठरवणारा) रेव्हेन्यू विभाग, याच हॉटेलात मार्केटिंगची स्वतंत्र जबाबदारी, किंवा पुन्हा एजन्सी. गंमत अशी की तिसरी वाटही तेव्हा जास्त पगाराची असते, कारण हॉटेलच्या मालकाशी ऑक्युपन्सी आणि एआरआरच्या भाषेत बोलू शकणारा माणूस एजन्सीकडे क्वचितच असतो. शेतीपर्यटनाची एक चौथी वाटही आहे. हुरड्याच्या दिवसांत शहराभोवतीच्या शेतांवर शनिवार-रविवारी होणारी गर्दी पाहिलीत तर तिथे नीट दरपत्रक आणि आरक्षणाची पद्धत बसवून देणाऱ्याची किती गरज आहे ते दिसेल. पण ते स्वतःच्या जोखमीचे काम आहे, आत्ताच नको.

मुलाखतीआधी एवढे करा. त्या हॉटेलचे गेल्या सहा महिन्यांतले सगळे अभिप्राय वाचा, तक्रारी विषयवार मोजा, सर्वाधिक वेळा आलेल्या तीन तक्रारी आणि प्रत्येकीवर तुम्ही लिहिलेले एक-एक उत्तर, असे सगळे एका पानावर मांडा. दुसऱ्या पानावर येत्या तीन महिन्यांचे तारखांचे तक्ते, त्यांत लग्नतिथी, सण, जोडून येणाऱ्या सुट्ट्या आणि लेण्यांचे बंद दिवस रंगवलेले. दोनच पाने, मराठीत असली तरी चालतील, प्रिंट काढून न्या. आणि वेळ विचारतील तेव्हा सकाळची सांगू नका. बारापर्यंत चेक-आउटची गडबड असते, दोनला चेक-इन सुरू होते. साडेतीनला जा, त्या सुमारास जनरल मॅनेजर कागद वाचायला मोकळे असतात.